पावसाळ्यात डीटीएचचा सिग्नल वारंवार जातो : दोष पावसाचा किती, छत्रीचा किती?

जून लागला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि मालिका ऐन रंगात असताना चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो व पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी झळकते. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला तर ‘हवामान खराब आहे, पाऊस थांबल्यावर सिग्नल येईल’ हे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. नीट बसवलेल्या छत्रीचा, म्हणजे डिश अँटेनाचा, सिग्नल मुसळधार पावसात काही मिनिटे जाणे स्वाभाविक असते. मात्र रिमझिम पावसातही तो जात असेल, किंवा लख्ख ऊन पडल्यावरही तासन्‌तास परतत नसेल, तर दोष छत्रीत, केबलमध्ये किंवा जोडणीत आधीपासूनच आहे आणि पावसाने तो फक्त उघडा पाडला आहे. हा फरक घरबसल्या ओळखता येतो. त्यासाठी सिग्नल केव्हा गेला, केव्हा परतला आणि कोणते चॅनेल आधी गेले, एवढ्याकडे नीट लक्ष द्यावे लागते.

आधी कारण पाहू. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारे ते चित्र गच्चीवरचा ॲल्युमिनियमचा अँटेना वर्षानुवर्षे पकडत असे. त्या लहरींची लांबी मीटरमध्ये मोजायची असल्यामुळे पावसाचा थेंब त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. वाऱ्याने अँटेना फिरला तर पडद्यावर मुंग्या येत, सावल्या पडत, पण चित्र काही ना काही दिसत राही. २००३ मध्ये खासगी डीटीएच सेवा आली, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा सुरू झाली, आणि भिंतीभिंतीवर साठ सेंटीमीटरच्या आसपास व्यासाच्या छत्र्या दिसू लागल्या. या छत्र्या सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातल्या लहरी घेतात. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते, त्यामुळे काही मिलिमीटरचा टपोरा थेंब तिच्या वाटेत खराखुरा अडथळा ठरतो. तो लहरीची थोडी शक्ती शोषून घेतो आणि थोडी इकडेतिकडे विखुरतो. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या मोठ्या छत्र्या बहुतांशी ४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लांब लहरींवर चालतात, म्हणून शेजारच्या घरी केबल सुरू असते आणि आपल्याकडे मात्र पाटी येते. शेजाऱ्याचे चालते तर आपले का नाही, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

यात पावसाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याचा जोर महत्त्वाचा असतो. तासाला १० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल, तर १२ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची घट दर किलोमीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षाही (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे माप) कमी होते. तोच वेग तासाला १०० मिलिमीटरवर गेला की ती घट किलोमीटरला पाच डेसिबलच्या पुढे जाते. तीन डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी होणे, हे लक्षात घेतले तर ढगफुटीसारख्या सरीत चित्र का टिकत नाही ते वेगळे सांगायला नको. पण त्याच हिशेबाने, महाबळेश्वरच्या दिवसभर रेंगाळणाऱ्या बारीक झडीत चांगल्या छत्रीचा सिग्नल जायला नको, हेही उघड आहे.

याला जोडून डिजिटल तंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. जुन्या ॲनालॉग चित्राची प्रत हळूहळू उतरत असे. डिजिटल बॉक्स मात्र आलेल्या माहितीतल्या चुका स्वतःच दुरुस्त करत राहतो, त्यामुळे सिग्नल बराच खालावला तरी चित्र स्वच्छच दिसते. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की चित्र एकदम कोसळते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मे महिन्यात चित्र उत्तम दिसते म्हणून छत्री उत्तम आहे असे म्हणता येत नाही. ती मर्यादेच्या अगदी काठावर उभी असू शकते, आणि तसे असेल तर पहिल्या सरीलाच ती उघडी पडते. पावसासाठी हाताशी ठेवलेली ही राखीव ताकद किती उरली आहे, हाच या साऱ्या तपासाचा विषय आहे.

पाऊस नाही, तरी सिग्नल गेला

अंगणात एक थेंब नाही आणि सिग्नल गेला, म्हणजे नक्कीच बिघाड आहे, असे पुष्कळांना वाटते. इथे छत्री कुठे पाहते ते आठवावे. आपल्याकडच्या सर्व प्रमुख सेवांचे उपग्रह महाराष्ट्राच्या आग्नेयेकडे, विषुववृत्तावर आहेत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, तर एअरटेलचा १०८.२ अंशांवर आहे. मुंबईतून पाहिल्यास पहिल्याची क्षितिजापासूनची उंची सुमारे ६५ अंश, दुसऱ्याची ५७ आणि तिसऱ्याची ४४ अंशांच्या आसपास भरते. उपग्रह जितका क्षितिजाकडे झुकलेला, तितकी लहरीची पावसातून जाणारी तिरकी वाट लांब. पाऊस साधारण पाच किलोमीटर उंचीपासून पडत असेल, तर ४४ अंशांच्या कोनात येणारी लहर आपल्या घरापासून पाच किलोमीटर आग्नेयेला असलेल्या सरीतूनही येत असते. ती सर आपल्याला भिजवत नाही, पण सिग्नल अडवते.

ढगांची दिशाही यात भर घालते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात ढग पश्चिमेकडून येतात आणि आपल्यावर बरसून पूर्वेकडे सरकतात. त्यामुळे आपल्याकडचा पाऊस थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटे सिग्नल येत नाही, कारण तो ढग आता छत्रीच्या नजरेसमोर असतो. मे महिन्याच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये वादळी ढग पूर्वेकडून चालून येतात, तेव्हा नेमके उलटे घडते. सिग्नल आधी जातो आणि सर मागून येते. या दोन्ही प्रसंगी दुरुस्ती कशाचीच करायची नसते.

पाऊस चालू असताना काय करू नये

सर्वांत जास्त नुकसान याच वेळी होते. सिग्नल गेला की घरातले कोणीतरी रिमोट हातात घेऊन चॅनेल शोधण्याचा पर्याय दाबते. फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्समध्ये असा शोध सुरू केला की जुनी यादी पुसली जाते आणि त्या क्षणी जेवढे सापडतील तेवढेच चॅनेल नव्याने साठवले जातात. पावसात थोडेच सापडतात, किंवा एकही सापडत नाही. मग पाऊस थांबून सिग्नल परतला तरी चॅनेल गायब राहतात, आणि एका तक्रारीच्या दोन होतात. तसे झालेच असेल, तर हवा स्वच्छ झाल्यावर पुन्हा एकदा शोध घ्यावा, यादी परत येते. बॉक्स मूळ स्थितीत आणण्याचा पर्यायही पावसात वापरू नये. ओल्या गच्चीवर किंवा पत्र्यावर चढून छत्री हलवून पाहणे तर सर्वस्वी टाळावे. त्यात जिवाला धोका असतोच, शिवाय सिग्नल गेलेला असताना दिशा बरोबर आली की नाही हे कळायला मार्ग नसतो.

विजा चमकत असतील तर बॉक्सचा प्लग काढावा आणि मागची केबलही सोडवून ठेवावी. छत्री गच्चीवर असते आणि केबल थेट घरात येते, त्यामुळे नुसता प्लग काढून काम भागत नाही. मराठवाडा-विदर्भात मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात बॉक्स जळण्याच्या तक्रारी येतात, त्यांतल्या पुष्कळ या केबलच्या वाटेने आलेल्या असतात.

सिग्नल परत कसा आला, यावरून निदान

सिग्नल पावसाचा जोर ओसरताच किंवा त्यानंतर पाऊण तासाच्या आत आपोआप आला, तर प्रकरण तिथेच संपते. तो पाऊस थांबल्यावर कित्येक तासांनी, विशेषतः दुपारी ऊन तापल्यावर आला आणि रात्रीच्या दवात पुन्हा डळमळला, तर जोडणीत पाणी शिरले आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. ते वाळले की सिग्नल येतो, भिजले की जातो. आणि एका वादळी रात्रीनंतर तो परतच आला नाही, तर छत्री वाऱ्याने फिरली आहे किंवा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर बसवलेला तो लहानसा डबा, निकामी झाला आहे.

पुढची खातरजमा बॉक्सच्या मेनूतून होते. सेटिंगमध्ये सिग्नलची माहिती दाखवणारे पान असते आणि त्यावर दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंथची आणि दुसरी क्वालिटीची. लोक पहिलीकडे पाहतात, पण कामाची दुसरी. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून किती शक्ती येते आहे ते. त्यात निव्वळ गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी म्हणजे त्यातून बॉक्सला वाचता येण्याजोगे किती मिळाले ते. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर केबल व एलएनबी जिवंत आहेत, पण छत्रीची दिशा चुकली आहे किंवा समोर अडथळा आहे. दोन्ही शून्य असतील, तर संशय केबल, जोडणी वा एलएनबीवर घ्यावा. प्रत्येक कंपनीच्या बॉक्सची मोजपट्टी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच बॉक्सचा, स्वच्छ हवेतला, दोन-तीन चॅनेलांवरचा आकडा लिहून ठेवावा आणि तुलना त्याच्याशी करावी. मे महिन्यात घेतलेली ही नोंद जुलैमध्ये तंत्रज्ञाशी बोलताना फार उपयोगी पडते.

पाणी शिरलेली जोडणी

पावसाळी तक्रारींत पावसाइतकाच मोठा वाटा या एका दोषाचा असतो, आणि घरी पाहिला जातो तो मात्र सर्वांत शेवटी. आमच्या डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे सिग्नल तीन पावसाळे असाच त्रास देत होता. छत्रीची दिशा दोनदा जुळवून झाली होती, बॉक्सही बदलला होता. शेवटी बॉक्सच्या मागचा कनेक्टर सोडवला, तेव्हा त्याच्या तोंडातून पाण्याचा थेंब ओघळून शोकेसच्या फळीवर पडला. पाणी गच्चीवर एलएनबीच्या टोकाशी शिरले होते आणि केबलच्या जाळीतून खाली उतरत दोन मजले ओलांडून दिवाणखान्यात पोहोचले होते. वरच्या टोकाचा कनेक्टर काढला, तर मधली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि भोवतीची जाळी काळवंडलेली होती. टोक थोडे कापून नवा कनेक्टर बसवून भागेल असे आधी वाटले, पण आत पुष्कळ अंतरापर्यंत ओल होती. केबल पूर्ण बदलल्यावरच तो त्रास थांबला. भिजलेली केबल वाळवून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

तपासताना आधी बॉक्स बंद करून प्लग काढावा. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करत असतो, आणि चालू स्थितीत कनेक्टर सोडवताना बाहेरची जाळी मधल्या तारेला टेकली तर बॉक्सला इजा होऊ शकते. नंतर बाहेरच्या प्रत्येक जोडणीकडे पाहावे. कनेक्टर हाताने हलतो का, त्यावरची रबरी टोपी शाबूत आहे का, केबलच्या वरच्या आवरणाला उन्हाने भेगा गेल्या आहेत का, आणि मध्येच कुठे जोड दिला आहे का. जोडाला साधी काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती एका उन्हाळ्यात सुटते आणि नंतर पाणी अडवण्याऐवजी आत धरून ठेवते. त्याऐवजी ताणून गुंडाळल्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप वापरावी. केबल भिंतीतून आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे वरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकून जाते आणि भोकातून घरात येत नाही. केबल आरजी-६ प्रकारची असावी, आणि शक्यतो छत्रीपासून बॉक्सपर्यंत एकसंध असावी.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपीही याच वेळी पाहावी. तिला तडा गेला की आत पाणी साचते, आणि ते साचलेले पाणी मुसळधार पावसाहूनही जास्त नडते. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा उपाय गावोगावी दिसतो. मला तो पटत नाही. भिजलेली पिशवी तोंडाला चिकटली की पाण्याचा पातळ थर कायमचा समोर राहतो आणि उन्हाळ्यात तीच पिशवी आतली ओल बाहेर पडू देत नाही. टोपी फुटली असेल तर एलएनबी बदलावा.

फिरलेली छत्री आणि समोरची ताडपत्री

साठ सेंटीमीटरच्या छत्रीची दृष्टी फार अरुंद असते. तिचा झोत जेमतेम तीन अंश रुंद असतो, म्हणजे दिशा अवघी दीड अंश चुकली तरी शक्ती जवळपास निम्मी होते. स्वच्छ हवेत ही चूक जाणवतही नाही, आणि पहिल्या सरीला सिग्नल जातो. किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट गंजतात, पावसाने भिजलेल्या गिलाव्यात खिळे सैल होतात, माकडे छत्रीवर बसतात, कोणी तिच्या दांडीला वाळत घालायची दोरी बांधतो. छत्री हाताने अगदी हलकेच दाबून पाहावी. ती जराही डुलत असेल तर आधी तिची पकड घट्ट करावी आणि त्यानंतरच दिशा जुळवावी. उलट क्रमाने केलेले काम पुढच्या वाऱ्यात वाया जाते.

अडथळा शोधताना एक गोष्ट हमखास चुकते. या छत्र्यांची रचना अशी असते की त्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर, साधारण पंचवीस अंश वर पाहत असतात. भिंतीवर जवळजवळ सरळ उभी वाटणारी छत्री प्रत्यक्षात आकाशाकडे तोंड करून असते. म्हणून छत्रीच्या समोरची झाडे पाहून उपयोग नाही, तिच्या वरच्या अंगाला आग्नेयेकडे मान उंचावून पाहावे लागते. पावसाळ्यात आंबा-बदामाला नवा पालव फुटतो आणि ओली पाने कोरड्या पानांपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल अडवतात. शहरांत याहून मोठा अडथळा माणसानेच उभा केलेला असतो. मे महिन्याच्या शेवटी सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहते, वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीच्या ग्रीलवर निळी ताडपत्री पुढे काढतात, आणि तिच्या खाली आपली छत्री येते. कोरडी ताडपत्री सिग्नल फारसा अडवत नाही, त्यामुळे ती लावल्या दिवशी काहीच कळत नाही. तिच्यावर पाण्याचा थर बसला की मग त्रास सुरू होतो आणि खापर पावसावर फुटते.

काहीच चॅनेल जात असतील तर

एचडी चॅनेल आधी गेले आणि साधे चॅनेल टिकले, तर त्यात नवल नाही. ज्या वाहिनीसमूहात जास्त माहिती दाटीने भरलेली असते, त्याला स्वच्छ सिग्नलही जास्त लागतो. पण स्वच्छ हवेतही निम्मे चॅनेल दिसत नसतील आणि निम्मे उत्तम दिसत असतील, तर बहुधा १८ व्होल्टचा पुरवठा एलएनबीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. गंजलेल्या जोडणीत दाब घटतो, एलएनबी तो १३ समजतो आणि आडव्या व उभ्या कंपनांच्या लहरींपैकी एकाच प्रकारच्या लहरींवरचे चॅनेल देत राहतो. फ्री डिशवर आणखी एक भानगड आहे. तिचे काही चॅनेल जुन्या एमपेग-२ तंत्राने आणि काही एमपेग-४ तंत्राने येतात. जुना बॉक्स दुसऱ्या प्रकारचे चॅनेल कधीच दाखवणार नाही, मग हवा कशीही असो.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला भर उन्हात, रोज जवळपास त्याच वेळी काही मिनिटे सिग्नल जातो. सूर्य तेव्हा उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. हे काही दिवसांत आपोआप थांबते, दुरुस्तीला कोणाला बोलावू नये.

सर्व काही ठाकठीक असूनही घाटमाथ्यावर किंवा दक्षिण कोकणात त्रास होत असेल, तर मोठी छत्री हा खरा उपाय आहे. साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची छत्री सव्वादोन पट क्षेत्रफळ देते, म्हणजे साडेतीन डेसिबलची भर पडते. अतिवृष्टीत सिग्नल तिचाही जाईल, पण गेलेला वेळ बराच कमी होईल. मात्र तिची दृष्टी आणखी अरुंद असल्यामुळे आणि वाराही जास्त धरत असल्यामुळे ती भक्कम खांबावर, काँक्रीटमध्ये बसवावी. बाजारात मिळणारे सिग्नल वाढवण्याचे डबे घेऊ नयेत, कारण पावसाने घालवलेले ते परत आणू शकत नाहीत. सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो, स्ट्रेंथची पट्टी फुगते आणि क्वालिटी जागची हलत नाही.

तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याला ‘पावसात जातो’ एवढेच सांगू नये. सिग्नल पाऊस थांबल्यावर किती वेळाने येतो, कोणते चॅनेल आधी जातात आणि मे महिन्यात क्वालिटीचा आकडा किती होता, हे सांगावे, म्हणजे तो बॉक्स बदलण्यापासून सुरुवात करणार नाही. काम झाल्यावर त्याच चॅनेलांवर त्याच्या देखत पुन्हा आकडा पाहावा. तो पूर्वीच्या नोंदीपेक्षा कमी असेल, तर चित्र कितीही स्वच्छ दिसत असले तरी कागदावर सही करू नये.